जीप फॅनबेल्ट खातेय

प्रश्न : माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० आहे, पेजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. मागच्या वर्षी अल्टरनेटर जळला तेव्हा गॅरेजवाल्याने जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा आणून बसवला. तेव्हापासून तीन फॅनबेल्ट गेले. पसरणी घाट चढताना चर्रर्र आवाज येतो, चार्जिंगचा दिवा मिणमिणतो, बॉनेट उघडलं की सगळीकडे काळी भुकटी. दरवेळी बेल्ट अजून टाइट करून देतात. बेल्टची कंपनी बदलून बघू का? – एक वाचक, वाई

उत्तर : दादा, कंपनी बदलून काही होणार नाही, चौथा बेल्टपण असाच जाईल. काळी भुकटी म्हणजे बेल्ट पुलीच्या भिंतीला घासतोय. क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची, आणि वॉटर पंपाची पुली मूळची आहे ना, मग लाइन त्या दोघींचीच धरायची आणि नवा पाहुणा अल्टरनेटर त्यांच्याशी जुळवून घ्यायचा.

आधी इंजिन गार होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही करंट असतो, पाना टेकला की ठिणगी. बेल्ट काढा. आता गवंड्याकडची ओळंब्याची दोरी घ्या, क्रँकच्या खाचेत मधोमध धरून अल्टरनेटरपर्यंत ताणा, दोरी खाचेत भिंतीला न शिवता मधोमध उतरली पाहिजे. पट्टी पुलीच्या कडेला लावून बघू नका, वेगळ्या गाडीच्या पुलीची कड जाड-बारीक असते, तिथेच फसायला होतं. फुटभर अंतराला दीड मिलिमीटरचा फरक चालेल, त्यापुढे नाही. अल्टरनेटर मागे राहत असेल तर त्याचा कान, म्हणजे बोल्टचं भोक असलेला भाग, आणि ब्रॅकेटच्या मध्ये वॉशर टाकून पुढे आणा, पण फट ठेवून बोल्ट आवळू नका, कान तुटतो.

हे जमलं की बहुतेक जण खूश होऊन बेल्ट चढवतात आणि इथेच खरी गंमत आहे. जुन्या जीपच्या ब्रॅकेटचं भोक घासून लांबट झालेलं असतं, त्यामुळे ढिला असताना अल्टरनेटर सरळ दिसतो आणि बेल्ट ताणला की तिरका होतो. म्हणून बेल्ट ताणून, सगळे बोल्ट आवळून, मग पुन्हा बघायचं. समोरून नाही, बाजूने, गुडघ्यावर बसून. तिरकं दिसलं तर लेथवाल्याकडून भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, मारून घ्या, वॉशरने हे सुटत नाही.

अजून एक, अल्टरनेटरची पुली तुमच्या बेल्टच्या मापाची आहे का? बेल्टच्या पाठीवर एव्ही १३ असं काही छापलेलं असेल तर वरची रुंदी १३ मिलिमीटर, आणि पुली १० वाल्याची असेल तर बेल्ट खाचेत बसतच नाही, वर तरंगतो. उलट पुलीचा तळ चकाकत असेल तर बेल्ट खाली टेकतोय, म्हणजे पुली घासलीय किंवा बेल्ट बारीक आहे. व्ही बेल्टची पकड दोन्ही बाजूंनी असते, तळाला नाही.

नवा बेल्ट स्क्रूड्रायव्हरने ओढून चढवू नका, आतला दोरा तुटतो, अल्टरनेटर ढिला करून चढवा. ताणताना टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, अल्टरनेटरच्या पुढच्या बाजूला टेकवा. मी एकदा घाईत मागून लावली आणि अ‍ॅल्युमिनियमचं झाकण तडकवलं, रविवार गेला आणि बायकोचं बोलणं ऐकलं ते वेगळं. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट १०-१२ मिलिमीटर दबला की बास, जास्त टाइट केलात तर आधी वॉटर पंपाचं बेअरिंग जाईल. अर्धा तास चालवून परत दाबून बघा, नवा बेल्ट सुरुवातीला सैल होतोच.

आवाज बंद करायला साबण चोळतात काही जण, तो बंद होतो दोन दिवस, पण बेल्ट घसरायला लागतो आणि घाटात टेम्परेचरचा काटा वर जातो.