कॅलिफोर्नियातल्या नापा-सोनोमा या वाइनच्या प्रदेशात आईबाबा आणि लहान मुलांना घेऊन जुन्या हॉटेलात राहावं का?

राहा, पण बुकिंगआधी हॉटेलला फोन कराच. फोटोंत सगळं दिसत नाही. जुन्या दोन मजली इमारतींत बरेचदा लिफ्ट नसते आणि बाथरूममध्ये उंच काठाचा टब असतो. आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर तळमजल्यावरची, साधा शॉवर असलेली खोलीच मागा. काही छोटी हॉटेलं लहान मुलांना घेतच नाहीत, तेही विचारून घ्या. लाकडी जमीन करकरते, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येतं. मला त्यात मजा वाटते, तान्ह्या बाळाच्या आईला वाटेलच असं नाही!

मुक्कामासाठी माझं मत सोनोमा गावाला. मधोमध प्लाझा म्हणजे मोठा चौक, त्याच्या कोपऱ्यावर १८२३ साली स्थापन झालेलं मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं ठाणं), खाण्याची ठिकाणं, सगळं पायी. मुलांना पाण्याचं वेड असेल तर मात्र नापा खोऱ्याच्या उत्तर टोकाचं कॅलिस्टोगा बघा. तिथल्या काही जुन्या हॉटेलांत गरम झऱ्यांच्या पाण्याचे पूल आहेत.

वाइन चाखायला वय २१ पूर्ण लागतं, आणि काही वायनरींत (जिथे वाइन बनवतात तिथे) मुलांना आतच सोडत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी असते, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे. जमलं तर शनिवार-रविवार टाळा.