पास्ता कच्चा की आपले दात कच्चे?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही खानापूरकडचे, लेक बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. वाढदिवसाला ती मला आणि सासूबाईंना कॉलेजजवळच्या एका इटालियन हॉटेलात घेऊन गेली. पास्ता आला तो मधे कडक लागत होता, मला वाटलं कच्चाच राहिलाय, खरं पोरगी म्हणाली आई गप बस, तो असाच असतोय. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि मग चहात खारी बुडवावी तसा गार्लिक ब्रेड सूपमधे बुडवून पोट भरलं. त्या अंडंसुद्धा खात नाहीत, चीजमधे काय असतंय गं म्हणून घरी पोचेपर्यंत विचारत होत्या. पुढच्या महिन्यात परत जायचंय, तिच्या मैत्रिणीपण असणार. काय मागवायचं, आणि ते दोऱ्यासारखं काट्यानं खायचं कसं, सांगा की.
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर: वहिनी, लेक बरोबर आहे, खरं तुम्हीपण चुकला असाल असं नाही. इटलीत पास्ता मुद्दामच पूर्ण गाळ होऊ देत नाहीत, त्याला ते आल देन्ते म्हणतात, म्हणजे दाताला लागेल असा. आता कच्चा कुठला आणि आल देन्ते कुठला? एक नळी काट्यानं मधोमध तोडून बघा. आत सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असला तर चालतंय. पांढरं जाड असेल आणि चावल्यावर पीठ दाताला चिकटत असेल तर तो कच्चाच, मग तो कुठल्याही देशाचा असूदे. बऱ्याच हॉटेलांत पास्ता आधी अर्धामुर्धा उकडून तेल लावून ठेवतात, ऑर्डर आली की गरम पाण्यात बुडवून सॉसमधे टाकतात, आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची झुंबड उडाली की ते बुडवणं अर्ध्या मिनिटात उरकतंय. खानावळीत भाकरी कच्ची आली तर आपण बदलून मागतोच की, एसी आणि मंद लाइट बघून जीभ का अडते कुणास ठाऊक. ऑर्डर देतानाच सांगायचं, एक प्लेट जरा जास्त शिजवा, घरात म्हातारं माणूस आहे.

आणि सासूबाईंना सांगा हा पास्ता काय अगदी परका नव्हे. चांगला पास्ता मैद्याचा नसतो, ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, आणि ड्युरम म्हणजे आपला बन्सी. त्याच रव्याच्या शेवया आपल्या आयाआज्ज्यांनी उन्हाळ्यात खाटेवर वाळत घातल्या. गंमत म्हणजे ह्या ड्युरमचा पूर्वज म्हणजे आपण ज्याची खीर करतो तो खपली, कन्नडवाल्यांची हुग्गीपण त्याचीच. इटलीतली माणसं खपलीला फार्रो म्हणतात आणि अख्खा दाणा सूपात घालतात. आपण गूळ घालतो, ते मीठ घालतात. माझं मत विचाराल तर आपलंच बरं.

चीजचा प्रश्न मात्र सासूबाईंनी एक नंबर विचारला. दूध घट्ट व्हायला रेनेट लागतं आणि अस्सल इटालियन पार्मिजानो चीजमधे ते वासराच्या पोटातलं असतं, दुसरं चालतच नाही त्यात. आपल्याकडच्या पाकिटातल्या चीजमधे बहुतेक वेळा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. म्हणून वेटरला नुसतं व्हेज आहे काय विचारू नका, तो हो म्हणणारच, चीजचं पाकीट दाखवायला सांगा. पेस्तो म्हणजे बेझिलच्या पानांची हिरवी चटणी, तिच्यातपण हेच चीज असतं. तिरामिसू हे गोड दिसायला लई भारी, खरं मूळ कृतीत कच्चं अंडं असतं आणि काही जण दारूपण घालतात, तो मैत्रिणींना खाऊदे. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमधे बऱ्याचदा मासळी असते, नावावर जाऊ नका.

सासूबाईंसाठी व्हेज लझान्या मागवा, थरावर थर, भाजून मऊ झालेला, चमच्यानं तुटतो. पास्ताच्या पट्ट्यांत अंडं नाही ना एवढं तेवढं विचारा. रिझोत्तो म्हणजे आपला मऊ भातच, खरं त्यात कधी वाइन असते. तुम्ही पेन्ने घ्या, त्या तिरक्या नळ्या असतात, काट्यात सहज येतात. अराबियाता म्हणजे लाल तिखट सॉस, नावाचा अर्थच रागावलेला, तरी आपल्या ठेच्यापुढे तो शांत गृहस्थ आहे. स्पॅगेटीच खायची झाली तर तीन-चारच दोरे ताटाच्या कडेला ओढायचे, काटा उभा धरायचा आणि जागच्या जागी फिरवायचा. मी पहिल्या वेळेला ढीगभर उचलले, मग काट्यावर सुताचं रीळ झालं आणि सॉस साडीवर. पिझ्झा हातानं खा, कोण काय म्हणत नाही.

प्रश्न: ताई, आम्ही हॉस्टेलचे सहा जण असल्याच एका हॉटेलात गेलो, टीटीएमएम होतं. बिलात जीएसटी आणि वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज. मॅनेजर म्हणाला कंपल्सरी आहे, दिला गुपचूप. खरंच द्यायला लागतो काय?
– निपाणीकडचा एक

उत्तर: नाही रे बाबा. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के, तो द्यायचा. बिलावर कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक कराची योजना) असं लिहिलं असेल तर तोही वेगळा लावता येत नाही. सर्व्हिस चार्ज आपण होऊन बिलात टाकू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 लाच सांगितलंय, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 ला ते उचलून धरलं. पुढच्या वेळेला भांडू नका, एकानं गोड बोलून सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल मागायचं, जीएसटीपण तेवढा कमी होईल. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन लावा. आणि वेटर पोरगा चांगलं वाढत असेल तर त्याच्या हातात दहा-वीस रुपये ठेवा, तुम्ही सहा जण चार तास टेबल अडवून बसला असणार.