चार वर्षांच्या मुलासाठी जाहिराती नसलेलं, सोपं चित्रकलेचं अ‍ॅप कोणतं?

सरळ टक्स पेंट घ्या. फुकट आहे, जाहिरात एकही नाही. २००२ पासून चालू आहे, ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीच केलेलं. अँड्रॉइडवर चालतं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. मराठी आहे आणि कन्नडही, म्हणजे आमच्या बेळगावकडच्या घरांत भांडण नको!

माझी भाची खानापूरला असते. तिनं आधी घर काढलं, मग ‘जादू’च्या बटणांत शिरली. विटांचं बटण दाबून भिंत बांधली, गवत उगवलं, शेवटी पाऊस असा पाडला की घर दिसेना. "खानापुरात असाच पडतो की ओ मामा," म्हणाली. कॅलिडोस्कोपचं बटण तर हमखास दाखवा. एक रेघ ओढली की चारी बाजूंनी तशीच उमटते, आपोआप रांगोळी होते. अर्धा तास पोरगी तिथून हलली नाही.

सेव्ह करताना फाइलचं नाव विचारत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक बटणाला आवाज आहे, तेवढा बंद करा, नाहीतर तुमचं डोकं उठेल.

मोबाइल देणार असाल तर सेटिंगमधून ते अ‍ॅप पिन करून द्या, म्हणजे पोरगं बाहेर पडून व्हिडिओत घुसत नाही. आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. पाटी-खडू आहेच की घरात.