घाटात चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, काय करू?

प्रश्न: माझी २०१७ ची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे, चार सिलिंडर, रनिंग ८० हजारच्या आसपास. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढत होतो तर चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, गाडी थरथरत होती, पिकअप गेला. उतार लागल्यावर लुकलुकणं थांबलं पण दिवा तसाच लागून राहिला. मेकॅनिकने बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं, दिवा गेला, दोन-चार दिवसात पुन्हा तेच. आता तो म्हणतो चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारे) बदलू, तरी नाही गेलं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल. खरंच एवढा खर्च आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ईसीएमचं नाव सध्या काढूच नका. तुम्ही सांगताय ते सरळसरळ मिसफायर वाटतंय, म्हणजे चारातल्या एखाद्या सिलिंडरमधे इंधन जातंय पण ते नीट पेटत नाहीये. दिवा नुसता लागून राहिला तर सवडीने, म्हणजे दोन-चार दिवसात दाखवलं तरी चालतं. लुकलुकतो तेव्हा मात्र मिसफायर त्याच क्षणी चालू असतो आणि तो एवढा असतो की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन तिथे पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले धातू असतात, त्यामुळे एका कॉइलच्या पैशाकडे बघत गाडी तशीच दामटली तर त्याच्या कितीतरी पट बिल येतं. म्हणून परत लुकलुकला की लगेच ॲक्सिलेटर सोडा, एसी बंद करा, जागा बघून बाजूला घ्या. लुकलुकणं थांबलं आणि इंजिन शांत झालं तर हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येईल, थरथर चालूच राहिली तर सरळ टो करा. इन्शुरन्समधे रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असतो आणि बऱ्याच लोकांना आठवतच नाही, तेवढं बघून ठेवा.

आता घाटातच का होतं? चढाला तुम्ही ॲक्सिलेटर दाबता, सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, आणि प्रेशर जास्त असलं की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. सीएनजीला तर पेट्रोलपेक्षाही जास्त लागतं. कॉइल कमजोर झालं असेल किंवा प्लग झिजून गॅप वाढला असेल तर सपाटीला कसंबसं निभावतं आणि चढाला मार खातं.

टर्मिनल काढण्याबद्दल थोडं कडकच बोलतो, तो इलाज नाहीये. त्याने ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला जातो, आणि बिघाड झाला तेव्हा स्पीड किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं होतं ही नोंदही जाते, म्हणजे नेमका पुरावाच गेला. पुढच्या वेळी दिवा लागला की आधी स्कॅनर (हा कोड वाचणारं यंत्र) लावा, स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं, मोबाईलला जोडायचा ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर पण चालतो. पी०३०१ ते पी०३०४ मधला कोड आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पी०३०० आला तर मिसफायर एकाच सिलिंडरला बांधलेला नाही, मग कुठून जास्तीची हवा आत खेचली जातेय का, इंधनाचं प्रेशर कमी पडतंय का हे बघायचं.

समजा पी०३०३ आला. तर इंजिन थंड असताना, चावी बंद करून, तीन नंबरचं कॉइल एक नंबरला लावा आणि एकचं तीनला, कोड पुसा, परत चढावर चालवून बघा. आता पी०३०१ आला तर कॉइलच खराब, ते एकच बदला, चार कशाला! कोड तीनवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर (इंधन फवारणारा). मेकॅनिक कंटाळा करतात याचा, कारण यात पार्ट विकला जात नाही, पण तुम्ही आग्रह धरा. फक्त प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवायला सांगा, प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की नवीनच दुखणं.

कॉइल काढलंच आहे तर प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. आत तेल दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केट गळतंय, पाणी दिसलं तर इंजिन धुतल्याचा प्रताप. हे सुकवून, गळती बंद करूनच पुढे जा नाहीतर नवीन कॉइलही जाईल.

तुमच्या गाडीत अजून एक सोपी परीक्षा आहे, तोच चढ एकदा पेट्रोलवर काढून बघा. (लुकलुकला की लगेच थांबायचं, जिद्दीने वर न्यायची नाही.) फक्त सीएनजीवर होत असेल तर ठिणगी कमजोर आहे, नाहीतर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर यात काहीतरी आहे. दोन्हीवर होतंय आणि कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं ठीक निघालं, तर मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतो का याची तपासणी) करा, सीएनजीवर भरपूर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट झिजून कॉम्प्रेशन पडू शकतं. ते काम मोठं आहे, पण तिथपर्यंत जायची वेळ तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही, प्लग शेवटचे कधी बदलले ते आधी बघा.

प्रश्न: माझी डिझेल गाडी आहे, स्प्रिंगसारखं चिन्ह असलेला दिवा लुकलुकतो. हे पण मिसफायरच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही, तो ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत गरम करणारा) दिवा, चेक इंजिनचा वेगळा. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो चालताना लुकलुकला तर इंजिन कंट्रोलमधे काहीतरी फॉल्ट पकडला गेलाय एवढंच कळतं, ग्लो प्लगच गेला असं नाही. काही गाड्यांत ब्रेक लाइटच्या साध्या स्विचमुळे पण हे होतं, म्हणून स्कॅन करायच्या आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते बघा.