वायूचा वाटा वजनावर ठरत नाही

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. एका सिलिंडरमध्ये १६ ग्रॅम ऑक्सिजन व ४ ग्रॅम हेलियम असून एकूण दाब ३ ॲटमॉस्फिअर आहे. ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातील एकट्या ऑक्सिजनचा दाब) तिने २.४ काढला, पुस्तकात मात्र १ दिला आहे. शिवाय पाण्यावर गोळा केलेल्या ऑक्सिजनचे गणित पाऱ्याचा ७६० मिलिमीटर दाब धरून केले, तर प्रयोगाचे उत्तर दरवेळी जास्त येते. चूक कुठे होते?
— एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : २० ग्रॅमपैकी १६ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणून ३ ला ०.८ ने गुणायचे, असा हिशेब आपल्या मुलीने केलेला दिसतो. पण भांड्याच्या भिंतीवर पडणारा दाब रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या वजनावर नाही. त्यामुळे आधी ग्रॅमचे मोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक) करावे लागतात : ऑक्सिजन १६ भागिले ३२, म्हणजे अर्धा मोल, हेलियम ४ भागिले ४, म्हणजे एक मोल. एकूण दीड मोलांत ऑक्सिजनचा वाटा एक तृतीयांश, म्हणून त्याचा दाब १ आणि वजनाने चौपट हलक्या हेलियमचा २ ॲटमॉस्फिअर.

दुसरी अडचण अधिक रंजक आहे. पाण्यावर वायू गोळा करायच्या नळीत ऑक्सिजनबरोबर पाण्याची वाफही असते आणि २५ अंश सेल्सिअसला तिचा दाब सुमारे २४ मिलिमीटर भरतो. मिश्रणाचा एकूण दाब म्हणजे त्यातील प्रत्येक वायूच्या दाबाची बेरीज, म्हणून तो एकूण दाबातून वजा करावाच लागतो. (इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टनने १८०१ च्या सुमारास हा बेरजेचा नियम मांडला, तोही हवेतील बाष्पाचा विचार करता करता, हवामानाच्या नोंदी ठेवण्याचा त्याला जन्मभर छंद होता.) मात्र ७६० हा समुद्रसपाटीवरचा आकडा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर असल्याने येथे पाऱ्याचा स्तंभ साधारण ७१२ मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे कोरड्या ऑक्सिजनचा दाब ७३६ नव्हे, ६८८ धरायला हवा. एवढ्या चुकीनेच मोलांची संख्या सुमारे सात टक्क्यांनी फुगते.

वाचन घेण्यापूर्वी नळी वरखाली करून तिच्या आतील व बाहेरील पाण्याची पातळी एक करावी, तरच आतला एकूण दाब बाहेरच्या हवेइतका होतो. दाबाचा आकडा प्रयोगशाळेतील वायुदाबमापकावरूनच घ्यावा. हवामानाच्या बातमीतील आकडा बहुधा समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतो आणि तो वापरल्यास तीच चूक पुन्हा होते.