गाडीतील साउंड सिस्टीम मोजून जुळवण्यासाठी कोणती साधने घ्यावीत?

नवे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवूनही आवाज फाटतो, बेस दबलेला वाटतो, तेव्हा मोजमापासाठी आधी काय विकत घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. केवळ ट्यूनिंगसाठी गाडी नागपूरला नेणे आमच्याकडे अनेकांना परवडत नाही, म्हणून ही साधने मी स्वतःच शिकून घेतली. माझे स्पष्ट मत असे की मायक्रोफोनवर पैसे घालण्याआधी एक मल्टीमीटर आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल हाती घ्यावा.

बेस नाही म्हणून दुसरा सबवूफर घ्यायला निघालेले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. दारांची पॅनेले काढून, स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवून, त्यांच्या टोकांना सेल क्षणभर टेकवला, तेव्हा उजव्या दारातील स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर सरकला आणि डावीकडचा आत गेला. आधी कोणीतरी डावीकडच्या तारा उलट जोडल्या होत्या, त्यामुळे दोन्ही दारांचा बेस एकमेकांना खोडत होता. तारा पालटल्या आणि नव्या सबवूफरचा खर्च वाचला. ट्वीटरवर, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर, मात्र हा प्रयोग करू नये. त्याची हालचाल डोळ्यांना दिसत नाही आणि तो जळण्याची भीती असते.

फाटणाऱ्या आवाजाचे मूळ बहुतेक वेळा गेनमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायर आत येणारा सिग्नल किती वाढवतो त्या सेटिंगमध्ये, असते. स्पीकर सोडवून, बेस बूस्ट, इक्वलायझर आणि क्रॉसओव्हर (कोणते सूर कोणत्या स्पीकरला जावेत हे वाटणारी सोय) बंद करून, डेकचा (गाडीतील म्युझिक प्लेअरचा) आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवावा आणि 0 डेसिबल पातळीवर रेकॉर्ड केलेला 50 हर्ट्झचा टोन वाजवावा. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर हवे असलेले एसी व्होल्ट. 100 वॅट आणि 4 ओहम असतील तर 20 व्होल्ट. तेवढे दिसले की गेन तिथेच थांबवावा. स्वस्त मल्टीमीटर एसीमध्ये साधारण 400 हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात, म्हणून टोन खालचा घ्यावा. लाटेचा माथा कापला जातो आहे का, हे मात्र मल्टीमीटर सांगत नाही. त्यासाठी लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप लागतो आणि हे काम वारंवार करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. इंजिन चालू असताना, सिस्टीम जोरात वाजवून, बॅटरीवर आणि ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टही मोजावेत. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असेल तर तार बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चे आहे.

एवढे झाल्यावर मायक्रोफोन. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असल्याने बेसच्या बाबतीत तो फसवतो. मी मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-1 वापरतो, कारण त्याच्या प्रत्येक नगाची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या मापातील चूक सुधारणारी नोंद) सिरियल नंबरनुसार मिळते, आणि ती वाचणारे रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर एकत्र असलेला सलग खरखराट, लावून, चालकाच्या डोक्याच्या जागी माइक हळूहळू फिरवत सरासरी घ्यावी. एकाच बिंदूवरचे माप गाडीत फारसे उपयोगाचे नसते. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची घरघरही आलेखात उतरते, म्हणून मी पहाटे शेताच्या रस्त्यावर, काचा आणि पंखा बंद ठेवून मोजतो.

टाइम अलाइनमेंटसाठी, म्हणजे सगळ्या स्पीकरांचा आवाज चालकापर्यंत एकाच वेळी पोहोचावा यासाठी, अंतर मोजायला साधा टेप सुरुवातीला पुरतो. उजवा ट्वीटर 90 सेंटीमीटरवर आणि डावा 140 वर असेल, तर उजव्याला सुमारे 1.45 मिलिसेकंद उशीर द्यावा. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात ध्वनी थोडा वेगाने जातो, पण हा फरक पाच-सहा शतांश मिलिसेकंदाचाच, त्याची चिंता नको.

आलेखात अरुंद, खोल खड्डा दिसला तर इक्वलायझरने तो भरू नये. तो बहुधा दोन ध्वनींनी एकमेकांना खोडल्याने पडतो आणि कितीही ताकद ओतली तरी भरत नाही. अशा वेळी उशीर किंवा क्रॉसओव्हर थोडा बदलून पुन्हा मोजावे.