वाचकांचे प्रश्न : एकाच पक्षातली दोन मते

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई बरीच वर्षे बॉस्टनजवळ राहतात आणि आता तिथलेच नागरिक आहेत. 2020 साली डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी प्राथमिक निवडणूक झाली, तेव्हा मुलीने बर्नी सँडर्स यांना आणि जावयांनी एलिझाबेथ वॉरन यांना मत दिले. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जिंकले मात्र जो बायडेन. ‘तुमच्यासारख्यांनी मते फोडली नसती तर सँडर्स आले असते’, असे मुलगी म्हणते आणि जावयांना ते मुळीच मान्य नाही. मे महिन्यात दोघे घरी आली की रात्रीच्या जेवणानंतर ओटीवर अजूनही हा वाद निघतो आणि आता आम्ही घरची माणसेही दोन बाजूंना वाटलो गेलो आहोत. खरे कोणाचे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आकडे वरवर पाहिले तर आपल्या कन्येची बाजू भक्कम वाटते. मॅसॅच्युसेट्समध्ये बायडेन यांना सुमारे 33, सँडर्स यांना सुमारे 27 आणि वॉरन यांना सुमारे 21 टक्के मते पडली. शेवटच्या दोघांची बेरीज बायडेन यांच्या पुढे जाते आणि दोघांचे धोरणही पुष्कळसे जवळचे होते. परंतु या बेरजेत असे गृहीत धरलेले आहे की वॉरन नसत्या तर त्यांची सगळी मते सँडर्स यांच्याच पारड्यात पडली असती, आणि ते तसे नव्हते. त्या काळच्या जनमत चाचण्यांत वॉरन यांच्या मतदारांची दुसरी पसंती सँडर्स आणि बायडेन या दोघांत विभागलेली दिसत होती. खुद्द वॉरन यांनी 5 मार्चला माघार घेतली, तरी सँडर्स स्वतः स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत कोणालाच पाठिंबा जाहीर केला नाही, आणि एप्रिलमध्ये दिला तो बायडेन यांना.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘मतविभागणी’ हा शब्द आपल्या मनात इतका पक्का बसला आहे, कारण आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तोच निवडून येतो आणि बाकीच्यांची मते हिशेबातून जातात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत तसे होत नाही. तिथे मतदार खरे तर पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात अंतिम उमेदवार निवडणारे प्रतिनिधी कोणत्या उमेदवाराच्या वाट्याला किती जावेत हे ठरवतो, आणि ज्या उमेदवाराला किमान 15 टक्के मते मिळतात त्याला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. वॉरन यांनी ती मर्यादा ओलांडली होती, म्हणजे आपल्या जावयांचे मत वाया गेले नाही. मते वाया गेली ती आणखी कोणाची तरी. याच स्पर्धेतले पीट बुटिजेज यांनी 1 मार्चला आणि एमी क्लोबुचर यांनी 2 मार्चला माघार घेऊन बायडेन यांना पाठिंबा दिला. मॅसॅच्युसेट्सचे मतदान होते 3 मार्चला, पण लवकर मतदानाची मुदत त्याआधीच्या आठवड्यात होऊन गेली होती. त्या आठवड्यात ज्यांनी या दोघांची नावे निवडून मतपत्रिका देऊन टाकली, त्यांना ती परत मागता आली नाही. ओटीवर या मतदारांची आठवण कोणी काढत नसेल, तर अवश्य काढावी.

रिपब्लिकन पक्षात काही राज्ये सगळे प्रतिनिधी पहिल्या क्रमांकालाच देतात. 2016 मध्ये फ्लोरिडात डोनाल्ड ट्रम्प यांना निम्म्याहून कमी मते पडली, तरी राज्याचे सर्व 99 प्रतिनिधी त्यांना मिळाले. आपल्या कन्येचा युक्तिवाद तिथे जास्त जोराने लागू पडला असता.

तरीही तिच्या म्हणण्यातला एक भाग मी मोडीत काढणार नाही. प्रतिनिधींचा हिशेब एक आणि निकालाने तयार होणारे वातावरण दुसरे. 2020 मध्ये सुरुवातीलाच मतदान झालेल्या न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स पहिले आणि बायडेन पाचवे आले. सँडर्स आणि दुसऱ्या क्रमांकाचे बुटिजेज यांना प्रत्येकी 9 प्रतिनिधी मिळाले, पण बातमी झाली ती सँडर्स जिंकल्याची. हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात किती रुपयांना गेली हे वर्तमानपत्रात छापून येते, म्हणून बागायतदार त्यावरून हंगामाचा हिशेब मांडत नाही. अमेरिकेतले देणगीदार आणि वाहिन्या मात्र पहिल्या दोन राज्यांवरून बऱ्याचदा तो मांडतात. पुढे 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात बायडेन मोठ्या फरकाने जिंकले आणि तीन दिवसांत सारे चित्र पालटले. मॅसॅच्युसेट्स ना बायडेन यांचे घरचे राज्य, ना सँडर्स यांचे. ते वॉरन यांचे, आणि तिथे त्या तिसऱ्या आल्या. ‘ट्रम्पना कोण हरवू शकेल’ या एकाच प्रश्नाने किती मतदारांचे मन आणि मत वेगवेगळ्या दिशांना गेले असेल, याची यावरून कल्पना येते. आपल्याकडे ‘माणूस चांगला, पण निवडून येणार नाही’ असे म्हणून जे मत बदलले जाते, तेच हे.

वॉरन यांनी साउथ कॅरोलिनानंतर थांबायला हवे होते का, हा प्रश्न रास्त आहे, पण तो वॉरन यांना विचारायचा आहे. मतदानाच्या दिवशी ज्या उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर आहे आणि प्रचार चालू आहे, त्याला मनापासून मत देणाऱ्या माणसाकडे दुसऱ्याच्या पराभवाचा जाब मागणे मला योग्य वाटत नाही. या वादात मी जावयांच्या बाजूचा आहे.

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत आहे. प्राथमिक निवडणूक ही पक्षाची अंतर्गत बाब असेल, तर तो तिथे मत देऊ शकतो का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. ही निवडणूक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी असली तरी बहुतेक राज्यांत ती सरकारी यंत्रणाच घेते आणि मतदार यादी नागरिकांचीच असते. ग्रीन कार्ड असलेल्यालाही अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत देता येत नाही आणि दिल्यास तो गुन्हा ठरतो. नोकरीच्या व्हिसावर असताना उमेदवाराला देणगी देणेही निषिद्ध आहे. चर्चा कितीही करावी, त्याला बंदी नाही.

प्रश्न : मी एका पक्षाचा जुना कार्यकर्ता आहे. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा ए-बी फॉर्म कोणाच्या हाती पडणार हे आम्हाला वरून कळते, मग नाराजी, मग बंडखोरी. अमेरिकेसारखी पद्धत आपल्याकडे का येत नाही?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तिथेही ती पहिल्यापासून अशी नव्हती. 1968 मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण बहुसंख्य प्रतिनिधी पक्षाच्या पुढाऱ्यांच्या हातात होते. शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर जो क्षोभ झाला, त्यानंतर पक्षाने आयोग नेमून नियम बदलले आणि 1972 पासून मतदारांचा कौल निर्णायक ठरू लागला. पुढाऱ्यांनी तो अधिकार आपण होऊन सोडला नव्हता, हे आपल्यासारख्या कार्यकर्त्याने लक्षात घ्यावे.

आपल्याकडे उमेदवार कसा निवडायचा हे कायदा पक्षांवर सोपवतो. काँग्रेसने 2014 च्या लोकसभा निवडणुकीत मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला आणि त्यात महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. तिथे मतदार होते पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते, सामान्य मतदार नव्हेत. दोन्ही ठिकाणी असा निवडलेला उमेदवार लोकसभेला हरला आणि प्रयोगही मागे पडला. त्या वर्षी राज्यभर काँग्रेसची जी वाताहत झाली ती पाहता पराभवाचे खापर निवड पद्धतीवर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

खरी अडचण यादीची आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मतदार नाव नोंदवतानाच आपला पक्ष सांगतो, त्यामुळे कोणाला कोणत्या पक्षाच्या निवडणुकीत मत आहे हे मतदानाच्या पुष्कळ आधी ठरलेले असते. आपल्याकडे पक्षाचे सभासद कोण, हे तालुक्याच्या कार्यालयातही नेमके सांगता येईलच असे नाही, आणि मोबाइलवरून एका दिवसात केलेल्या सभासद नोंदणीवर उमेदवारीचे मतदान घेतले तर ज्याच्याजवळ जास्त गाड्या आणि जास्त माणसे, तोच जिंकेल. म्हणून आपण लोकसभेपासून नव्हे, जिल्हा परिषदेच्या एका गटापासून मागणी करावी : सभासदांची यादी निवडणुकीच्या वर्षभर आधी शाखेत लावावी, हरकती घ्याव्यात, इच्छुकांनी त्या सभासदांसमोर एकत्र उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि गुप्त मतदानाचा निकाल ए-बी फॉर्म येण्याआधी जाहीर व्हावा.